तांत

आर्वीच्या बंद जिनिंगमध्ये
मार्चच्या दुपारी सराव.
छताच्या कैच्यांवर पारवे,
भिंतीच्या फटींत अजून जुनी सरकी.
पंखे बंद, कारण पाहुण्यांच्या तारा आतड्याच्या,
कोरड्या वाऱ्याने चढतात, चढत चढत तुटतात.

पाहुणे बारा, आम्ही एकवीस.
त्यांच्या हॉर्नला कळा नाहीत,
नुसती वेटोळी, आणि तोंडात खुपसलेली मूठ.
मुठीनंच सूर झाकायचा, उघडायचा,
गंजावरचं झाकण सरकवावं तसा.
चेतन ठवरे, तीन पिढ्या वरातीचा बँड,
पहिल्या दिवशी म्हणाला,
"याले त बटनच नाही. वाजवू कुठून?"
चौथ्या दिवशी विचारणं बंद झालं.
जेवतानाही त्याची मूठ अर्धी मिटलेली.

त्यांचा सूर आमच्याहून जरा खाली.
"दोनशे वर्षांपूर्वी इथंच होता,"
लीसबेथबाई म्हणाल्या,
विहिरीच्या पाण्याची पातळी सांगावी तशा.
आम्ही उतरलो.
सुगत ढोकेची क्लॅरिनेट उतरेना,
तिला सांध्यात ओढली, पुन्हा ओढली,
शेवटी दोऱ्याचे वेढे देऊन खाली आणली.

आणि कंप नको.
नागपूरच्या सरांनी सहा वर्षं
बोट हलवायला शिकवलेलं.
आता बोट हललं की लीसबेथबाई
नुसत्या माझ्याकडे बघायच्या.
"रोजच पुरणपोळी खाते का वो तू?"
हे त्यांनी नाही, शेजारून कुंदा मडावीनं विचारलं.
मी बोट धरून ठेवलं.
सरळ, उघडा सूर.
त्यात लपायला जागा नसते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी
माझ्या डबल बासची सगळ्यात जाड तार
कडाडून तुटली.
पारवे उडाले, खाली पिसं, थोडी सरकी.

दारात हसनूचाचा पिंजारी,
पाहुण्यांच्या गाद्या भरायला बोलावलेला.
आत आला. तुटकं टोक बोटांत चोळलं, हुंगलं.
"हे त तांत हाये. आपल्या पिंजणीची.
बकरीची का मेंढीची?"
मी लीसबेथबाईंना विचारलं. मेंढीची.
"मंग बराबर. बकरीची कडक बोलते."

त्यानं आपली राखीव तांत आणून दिली.
तीनदा लावून पाहिली.
खुंटीवर घसरली,
आणि बोलली ती तिचंच,
धुनक, धुनक,
जशी समोर गाठोडंभर कापूस आहे.
चाचाला वाईट वाटलं नाही.
"तिले तेवढंच येते, बाई."

लीसबेथबाईंनी उरलेल्या तारा मोजल्या.
तीन.
मग एकदम हसल्या.
त्या काळी कित्येक बासना तीनच असायच्या.
रात्री कंदिलाच्या उजेडात
मी खालचे सगळे सूर
पेन्सिलीनं एक सप्तक वर नेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
बाजार समितीचे हमाल, दवाखान्याच्या सिस्टर,
शाळेची पोरं, एक बकरी.
संथ भागात लाइट गेली.
कोणी थांबलं नाही,
काळोखात वही दिसेना,
पण शेजाऱ्याचा श्वास ऐकू येत होता,
तेवढ्यावर आम्ही आठ ओळी काढल्या.

मग हॉर्नची जागा आली
आणि चेतनचा सूर फाटला,
सगळ्या जिनिंगभर, गोणपाटासारखा.
पुढच्याच ओळीला
त्याच्या शेजारच्या पांढऱ्या दाढीवाल्याचाही.
तीस वर्षं वाजवणारा माणूस.

सकाळी चाचा गाद्यांचे पैसे घ्यायला आला.
"मधात तुम्ही सगळे थांबले होते
ते काय होतं?"
"ते लिहिलेलंच आहे, चाचा. थांबायचं म्हणून."
"लिहून ठेवा लागते?"
त्यानं नोटा मोजल्या, परत मोजल्या.

तांत माझ्या पेटीत आहे,
पावसाळ्यात मऊ पडते, मार्चात आखडते.
चेतन आता परत वरातीत वाजवतो, बटनांचं.
भेटला की अजून विचारतो,
"त्या बुढ्यानं मुद्दाम फाडला काय वो तो सूर?"
मी म्हणते, माहीत नाही.
खरंच माहीत नाही.
तेव्हा अंधार होता.